रेडिओलॉजीतील वाढते संशोधन: काय वाचायचे आणि काय सोडून द्यायचे

जिल्ह्याच्या ठिकाणी एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये एकट्याने रिपोर्टिंग करणाऱ्या एका तरुण रेडिओलॉजिस्टने विचारले आहे की, दिवसभराचे सीटी, एमआरआय आणि सोनोग्राफी उरकून रात्री जर्नल उघडावे तर आठवड्याभरात आलेले नवे लेख नुसते चाळूनही होत नाहीत. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या लेखांची भर पडल्यापासून कशाला हात लावावा तेच कळेनासे झाले आहे. अशा स्थितीत अद्ययावत राहायचे कसे, एआयने काढून दिलेल्या सारांशांवर भागवता येईल का, आणि मोठ्या संस्थेत नसलेल्या डॉक्टरने पैसे भरून मिळणारे लेख मिळवायचे कुठून, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सुरुवातीलाच स्पष्टपणे देतो. सगळे वाचणे कोणालाही शक्य नाही, आणि तसा प्रयत्न करूही नये. ज्या लेखामुळे तुम्ही सही करत असलेला एखादा रिपोर्ट किंवा तुमच्या यंत्रावर चालणारा एखादा प्रोटोकॉल (तपासणीची ठरलेली पद्धत) बदलू शकतो, तो लेख नीट वाचायचा. बाकीच्यांचे मथळे नजरेखालून गेले तरी पुरे. हे ऐकायला सोपे वाटते, पण असा लेख कोणता हे ओळखणे हेच खरे कौशल्य आहे, आणि एम.डी.च्या तीन वर्षांत ते आपल्याला फारसे कोणी शिकवत नाही. त्यामुळे पुढचे बहुतेक उत्तर त्याविषयीच आहे.

आधी हा ओघ किती आहे याची कल्पना असू द्या. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या मोफत ऑनलाइन सूचीत सर्व वैद्यकीय विषय मिळून दरवर्षी दहा लाखांहून अधिक नव्या नोंदी होतात. बॅस्टियन, ग्लॅझिओ आणि चाल्मर्स यांनी २०१० साली प्लॉस मेडिसिनमध्ये दाखवून दिले होते की, त्या वेळीच दिवसाला सुमारे ७५ क्लिनिकल ट्रायल (रुग्णांवरच्या नियोजित चाचण्या) आणि ११ सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका विषयावरच्या सर्व अभ्यासांचे पद्धतशीर आढावे) प्रसिद्ध होत होते. आपल्या शाखेपुरते पाहायचे तर रेडिओलॉजीतील एआयवर २००७-०८ च्या सुमारास वर्षाला शंभर-दीडशे लेख येत होते, ते २०१६-१७ पर्यंत सातशे-आठशेवर गेले, आणि त्यानंतरची वाढ तर त्याहून कितीतरी वेगाने झाली. रेडिओलॉजी या जुन्या जर्नलच्या प्रकाशकांनी, म्हणजे आरएसएनए या उत्तर अमेरिकेतील रेडिओलॉजी संघटनेने, २०१९ च्या जानेवारीत केवळ कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वेगळे जर्नल काढले, यावरून काय ते समजावे.

या वाढीची कारणे अनेक आहेत. प्रतिमा आता डिजिटल असल्यामुळे हजारो रुग्णांचा डेटा एका जागी जमतो, मोफत डेटासेट आणि तयार सॉफ्टवेअर हाताशी असते, आणि हॉस्पिटलमध्ये पाऊल न टाकताही प्रतिमांवरचा लेख लिहिता येतो. वैद्यकीय महाविद्यालयांत बढतीसाठी प्रकाशने लागतात, त्यामुळे प्रश्न पडला म्हणून लिहिलेले लेख आणि गरज म्हणून लिहिलेले लेख एकाच यादीत येऊन बसतात. लेखकांकडून शुल्क घेऊन छापणाऱ्या काही प्रकाशनांत छाननी किती ढिसाळ होती ते २०२३ साली सर्वांनी पाहिले: हिंदावी या प्रकाशनाचे आठ हजारांहून अधिक लेख त्या एका वर्षात मागे घेतले गेले. म्हणून लेख छापून आला आहे एवढ्यावरून त्यावर विश्वास ठेवण्याचे दिवस संपले आहेत, आणि निवडण्याची जबाबदारी वाचकावर आली आहे.

आता निवडायचे कसे ते पाहू. माझ्या मते त्यासाठी सर्वांत उपयोगी चौकट जुनीच आहे. डेनिस फ्रायबॅक आणि जॉन थॉर्नबरी यांनी १९९१ साली कोणत्याही इमेजिंग तपासणीची उपयुक्तता सहा पायऱ्यांत मांडली. पहिली पायरी प्रतिमेच्या तांत्रिक दर्जाची, दुसरी निदानाच्या अचूकतेची. त्यानंतर तपासणीमुळे डॉक्टरच्या निदानविषयक विचारात फरक पडतो का, उपचार बदलतात का, रुग्णाला प्रत्यक्ष फायदा होतो का, आणि शेवटी समाजाच्या दृष्टीने तो खर्च रास्त ठरतो का. कोणताही लेख समोर आला की, तो यांपैकी कोणत्या पायरीवर उभा आहे, एवढाच प्रश्न आधी विचारावा. नव्या एमआरआय सिक्वेन्समुळे (प्रतिमा घेण्याच्या पद्धतीमुळे) प्रतिमा अधिक स्पष्ट दिसते असे सांगणारा लेख पहिल्या पायरीवरचा आहे. तुमच्याकडे ते यंत्रच नसेल तर तो आज वाचण्याची घाई नाही. एखाद्या सॉफ्टवेअरची सेन्सिटिव्हिटी (आजारी लोकांपैकी किती जण सापडतात ते प्रमाण) ९६ टक्के आहे असे सांगणारा लेख दुसऱ्या पायरीवरचा आहे; त्यावरून रुग्णाचे भले होते की नाही याविषयी अजून काहीही सिद्ध झालेले नाही. प्रसिद्ध होणाऱ्या साहित्याचा बहुतांश भाग या पहिल्या दोन पायऱ्यांवरच असतो, हे एकदा ध्यानात आले की मनावरचे निम्मे ओझे उतरते.

हे केवळ माझे मत नाही. युरोपात विक्रीसाठी लागणारी सीई मान्यता मिळालेल्या रेडिओलॉजीच्या १०० एआय उत्पादनांची पाहणी व्हॅन लीऊवेन आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली युरोपियन रेडिओलॉजीमध्ये प्रसिद्ध केली. त्यांपैकी ६४ उत्पादनांच्या परिणामकारकतेविषयी तज्ज्ञ-परीक्षित असा एकही पुरावा उपलब्ध नव्हता, आणि तिसऱ्या किंवा त्यावरच्या पायरीपर्यंत पुरावा पोहोचलेली उत्पादने केवळ १८ होती. विक्री प्रतिनिधी तुमच्या सेंटरमध्ये लेखांची जाडजूड फाईल घेऊन येईल तेव्हा ती फाईल या चौकटीत बसवून पाहा.

कोविडच्या काळात काय घडले तेही प्रत्येक रेडिओलॉजिस्टने लक्षात ठेवण्यासारखे आहे. छातीच्या एक्स-रे आणि सीटीवरून कोविड ओळखणाऱ्या किंवा त्याचा पुढचा प्रवास वर्तवणाऱ्या मशीन लर्निंग मॉडेलांचा आढावा रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०२१ च्या मार्चमध्ये नेचर मशीन इंटेलिजन्समध्ये मांडला. २०२० च्या जानेवारी ते ऑक्टोबर या काळातले २,२१२ अभ्यास त्यांना सापडले, प्राथमिक चाळणीनंतर ४१५ उरले, दर्जाच्या कसोटीनंतर ६२, आणि त्या ६२ पैकी एकही मॉडेल प्रत्यक्ष वापराच्या योग्यतेचे नाही असा निष्कर्ष निघाला. कारणे वाचण्यासारखी आहेत. काही अभ्यासांत 'कोविड नसलेले' म्हणून एक ते पाच वर्षे वयाच्या मुलांचे एक्स-रे वापरले होते आणि कोविडचे रुग्ण प्रौढ होते. म्हणजे ते मॉडेल आजार ओळखत होते की वय, हेच सांगता येत नव्हते. प्रौढाची छाती आणि लहान मुलाची छाती यांतला फरक पहिल्या वर्षाचा रेसिडेंटही एका नजरेत सांगेल, पण तो डेटा कुठून आला हे शोधण्याचे कष्ट लेख वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी घेतले. त्याआधी २०१८ सालीच झेक आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते की, न्यूमोनिया ओळखायला शिकवलेले मॉडेल एक्स-रे कोणत्या हॉस्पिटलमधला आहे ते बऱ्याच अचूकपणे ओळखू शकते, आणि जिथे न्यूमोनियाचे प्रमाण जास्त तिथला एक्स-रे एवढ्यावरूनही त्याला अंदाज बांधता येतो. त्यामुळे एआयवरच्या लेखात मी पहिल्यांदा एकच गोष्ट शोधतो: ज्या हॉस्पिटलच्या डेटावर मॉडेल शिकले त्याहून वेगळ्या हॉस्पिटलच्या रुग्णांवर ते तपासले आहे का? तसे नसेल तर मी तो लेख तिथेच बाजूला ठेवतो, मग तो कितीही नामांकित जर्नलमध्ये असो.

वरच्या पायऱ्यांवरचा लेख कसा असतो त्याचे उदाहरण म्हणून स्वीडनमधील मासाई ट्रायल घ्या. ८०,००० हून अधिक स्त्रियांना दोन गटांत विभागून, मॅमोग्राफी स्क्रीनिंगमध्ये एआयची मदत घेतल्यास काय होते ते या ट्रायलने पाहिले. त्याचा पहिला अहवाल २०२३ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत आला. कॅन्सर सापडण्याचे प्रमाण कमी न होता फिल्म वाचण्याचे काम ४४ टक्क्यांनी घटले. हा लेख वाचलाच पाहिजे, पण वाचताना एक गोष्ट नजरेआड होता कामा नये. ही ४४ टक्के बचत, प्रत्येक मॅमोग्राम दोन रेडिओलॉजिस्टांनी वाचायचा, या तिथल्या पद्धतीच्या तुलनेत आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मॅमोग्राम एकच डॉक्टर वाचतो, आणि संघटित स्क्रीनिंगपेक्षा गाठ हाताला लागली म्हणून आलेल्या स्त्रियाच जास्त असतात. त्यामुळे तो आकडा उचलून आपल्या सेंटरला लावता येणार नाही. लेख चांगला असणे आणि तो आपल्याला लागू असणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

आपल्याला लागू आहे का, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या रेडिओलॉजिस्टला फुप्फुसातल्या नोड्यूलच्या (लहान गाठीच्या) बाबतीत जवळजवळ रोज पडतो. फ्लाइशनर सोसायटी या छातीच्या इमेजिंगमधल्या तज्ज्ञांच्या संस्थेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आपण सगळे वापरतो. ती ३५ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या, कॅन्सरचा पूर्वेतिहास नसलेल्या आणि प्रतिकारशक्ती कमी नसलेल्या रुग्णांत योगायोगाने सापडलेल्या नोड्यूलसाठी आहेत, हे अनेकदा विसरले जाते. शिवाय त्यामागचा पुरावा मुख्यतः पाश्चात्य देशांतल्या स्क्रीनिंग अभ्यासांचा आहे, जिथे क्षयरोगाचे प्रमाण आपल्या तुलनेत अगदी कमी आहे. आपल्याकडे फुप्फुसाच्या वरच्या लोबमध्ये (भागात) जुन्या क्षयाचे व्रण आणि ग्रॅन्युलोमा (दाहामुळे उरलेल्या लहान गाठी) इतके आढळतात की, तेच निकष जसेच्या तसे लावले तर अनेकांना विनाकारण वारंवार सीटी करावे लागतील, आणि उलट टोकाला जाऊन 'टीबीचेच असेल' म्हणून सोडून दिले तर एखादा कॅन्सर हातातून निसटेल. म्हणूनच या विषयावर क्षयरोगाचा भार जास्त असलेल्या देशांतून आलेला मध्यम आकाराचा अभ्यास मला अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाइतकाच मोलाचा वाटतो. इंडियन जर्नल ऑफ रेडिओलॉजी अँड इमेजिंग नियमितपणे चाळण्याचे माझ्यालेखी मुख्य कारण हेच आहे.

क्षयरोगाच्याच बाबतीत एआयचे एक चांगले उदाहरणही आहे. ढाक्यात १५ वर्षांवरील २३,९५४ व्यक्तींच्या एक्स-रेंवर पाच वेगवेगळ्या एआय प्रणाली एकाच वेळी तपासल्या गेल्या, आणि तो अभ्यास २०२१ मध्ये लॅन्सेट डिजिटल हेल्थमध्ये आला; त्यांत मुंबईच्या क्युअर डॉट एआयची प्रणालीही होती. पाचही प्रणालींची परीक्षा एकाच लोकसंख्येत, उत्पादकांपासून स्वतंत्र अशा संशोधकांनी घेतली होती, आणि आजाराचा निर्णय रेडिओलॉजिस्टच्या मतावर न ठेवता थुंकीतले क्षयाचे जंतू शोधणाऱ्या जीन-एक्सपर्ट तपासणीवर ठेवला होता. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षांवरील व्यक्तींच्या क्षयरोग स्क्रीनिंगमध्ये अशा प्रणालींचा वापर करता येईल अशी शिफारस केली. शेजारच्या देशातली लोकसंख्या, आपल्यासारखाच आजाराचा भार आणि पक्का रेफरन्स स्टँडर्ड (खरे निदान ठरवण्याची कसोटी) असा लेख मिळाला तर जेवण बाजूला ठेवून वाचावा.

या सगळ्या निवडीला एक अपवाद मात्र कडकपणे पाळायला हवा, तो म्हणजे रुग्णाच्या सुरक्षिततेविषयीचा लेख. तिथे पायऱ्या, नमुन्याचा आकार किंवा जर्नलचे नाव पाहत बसू नये. २००६ च्या जानेवारीत ऑस्ट्रियातील ग्रोबनर यांनी मूत्रपिंडविकाराच्या एका जर्नलमध्ये छोटा लेख लिहिला. डायलिसिसवरच्या नऊ रुग्णांना एमआर अँजिओग्राफीसाठी (रक्तवाहिन्यांच्या एमआरआयसाठी) गॅडोलिनियम कॉन्ट्रास्ट (प्रतिमा ठळक करणारे औषध) दिले होते, त्यांपैकी पाच जणांना नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस (त्वचा आणि इतर अवयव घट्ट होत जाणारा गंभीर आजार) झाला, एवढेच त्याचे सार. नऊ रुग्णांचा अभ्यास, तोही रेडिओलॉजीबाहेरच्या जर्नलमधला. मी वर सांगितलेल्या कोणत्याही चाळणीत तो पहिल्याच फेरीत गळाला असता. पण त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने इशारा दिला, पुढच्या वर्षी औषधाच्या वेष्टनावर ठळक सूचना आली, आणि मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांना कोणते गॅडोलिनियम द्यायचे याची पद्धत जगभर बदलली. म्हणून औषध नियामकांच्या सुरक्षा सूचना आणि अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीचे कॉन्ट्रास्ट मॅन्युअल, जे त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळते, या दोन गोष्टी मी कधीही चुकवत नाही.

याच्या अगदी उलट प्रवास आयोडीन कॉन्ट्रास्टचा झाला. कॉन्ट्रास्ट सीटीमुळे मूत्रपिंड बिघडते ही भीती वर्षानुवर्षे इतकी मुरली होती की रक्तातले क्रिॲटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक) जरासे वाढलेले दिसताच साधे सीटी केले जाई आणि निदान अर्धवट राही. कॉन्ट्रास्ट न दिलेल्या भरती रुग्णांतही क्रिॲटिनिन तितकेच वरखाली होते हे न्यूहाउस यांनी २००८ मध्ये दाखवले. २०१३ मध्ये मेयो क्लिनिक आणि मिशिगन या दोन ठिकाणच्या गटांनी सारख्या प्रकृतीच्या रुग्णांच्या जोड्या लावून तुलना केली. दोघांचे निष्कर्ष तंतोतंत जुळले नाहीत, कारण मिशिगनच्या गटाला मूत्रपिंडाचे कार्य फार कमी असलेल्यांत धोका दिसला आणि मेयोच्या गटाला तो दिसला नाही. अखेर २०२० मध्ये रेडिओलॉजिस्ट आणि मूत्रपिंडतज्ज्ञ यांच्या अमेरिकेतील संघटनांनी एकत्र येऊन निवेदन काढले आणि आधी सलाईन देण्याची काळजी प्रामुख्याने ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) ३० च्या खाली असलेल्या किंवा मूत्रपिंडाला नुकतीच इजा झालेल्या रुग्णांपुरती ठेवली. या बारा वर्षांत या विषयावर आलेला प्रत्येक लेख वाचून दर वेळी प्रोटोकॉल बदलणाऱ्या डॉक्टरपेक्षा, वाद चालू आहे एवढे ध्यानात ठेवून एकत्रित निवेदनाची वाट पाहणाऱ्या डॉक्टरने रुग्णांचे अधिक भले केले असे मी म्हणेन. नव्या धोक्याची बातमी लगेच मनावर घ्यायची आणि जुना धोका टळल्याची बातमी सावकाश स्वीकारायची, असा माझा नियम आहे.

आता निवडलेला लेख वाचायचा कसा. सारांश वाचून थांबणे सर्वांत धोक्याचे, कारण लेखक आपला निष्कर्ष फुगवतात तो बहुधा तिथेच. निदानाच्या अचूकतेवरच्या १२६ अभ्यासांची तपासणी ओचोडो आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये रेडिओलॉजी जर्नलमध्ये मांडली. त्यांपैकी ३९ अभ्यासांत, म्हणजे जवळजवळ तीनात एक, निष्कर्ष पुराव्यापेक्षा पुढे गेलेला होता. म्हणून मी सारांशावर नजर टाकून थेट पद्धतीच्या विभागात जातो आणि रुग्ण कसे निवडले ते पाहतो. संशय असलेले सर्व रुग्ण ओळीने घेतले आहेत, की एका बाजूला ठळक आजार असलेले आणि दुसऱ्या बाजूला धडधाकट माणसे असे दोन ढीग केले आहेत? दुसऱ्या प्रकारात कोणतीही तपासणी उत्तम दिसते. मग रेफरन्स स्टँडर्ड पाहतो: बायोप्सी, शस्त्रक्रिया, पुरेसा फॉलो-अप, की केवळ दुसऱ्या रेडिओलॉजिस्टचे मत? ते सर्व रुग्णांत झाले, की फक्त तपासणी पॉझिटिव्ह आलेल्यांतच? वाचणाऱ्या डॉक्टरला अंतिम निदान आधीच ठाऊक होते का? एवढे तपासायला दहा मिनिटे लागतात, आणि बरेचसे लेख या दहा मिनिटांतच संपतात.

त्यानंतर आकडे. कागद-पेन घेऊन एक साधे गणित करण्याची सवय लावून घ्या. समजा, एखाद्या तपासणीची सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी (निरोगी लोकांपैकी किती जण बरोबर निगेटिव्ह येतात ते प्रमाण) दोन्ही ९० टक्के आहेत. लेखातल्या १,००० जणांपैकी ५०० आजारी आणि ५०० निरोगी होते; तर ४५० आजारी बरोबर सापडतील, ५० निरोगी उगाच पॉझिटिव्ह येतील, आणि पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी ९० टक्के खरेच आजारी असतील. आता तीच तपासणी तुमच्या सेंटरमध्ये आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये आलेल्या १,००० जणांवर करा, जिथे आजारी फक्त १० आहेत. त्यांतले ९ सापडतील, उरलेल्या ९९० निरोगी लोकांपैकी ९९ पॉझिटिव्ह येतील, आणि एकूण १०८ पॉझिटिव्ह रिपोर्टांपैकी खरे फक्त ९ असतील. म्हणजे बारात एक. तपासणी तीच, लेख तोच, पण तुमच्या रिपोर्टवर विश्वास ठेवून बारापैकी अकरा माणसे घाबरून पुढच्या तपासण्यांच्या मागे लागतील. तसेच, '२० पैकी २० रुग्णांत निदान बरोबर, सेन्सिटिव्हिटी १०० टक्के' असे वाक्य दिसले तर त्याच्या ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हलची (खरा आकडा ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता आहे त्याची) खालची मर्यादा सुमारे ८३ टक्के येते, हे लक्षात ठेवा. शंभर टक्के हा शब्द वाचून भारावून जाण्याचे कारण नाही.

सिस्टिमॅटिक रिव्ह्यू वाचले की काम भागते असा एक समज आहे. चांगला रिव्ह्यू खरोखर वेळ वाचवतो, पण रिव्ह्यूंचेही आता अमाप पीक आले आहे आणि एकाच विषयावर चार-चार निघतात. इओआनिडिस यांनी २०१६ मध्येच त्यातल्या अनावश्यक आणि दिशाभूल करणाऱ्या रिव्ह्यूंविषयी सविस्तर लिहिले आहे. क्वाडास-२ या प्रश्नावलीवजा साधनाने मूळ अभ्यासांचा दर्जा तपासला आहे का, आणि कच्चे अभ्यास वगळल्यावरही निष्कर्ष टिकतो का, एवढे पाहून मगच रिव्ह्यूवर विसंबा.

नेहमीच्या कामाची मांडणी तुम्हाला अशी करता येईल. तुमच्या सेंटरमध्ये सर्वाधिक येणाऱ्या तपासण्यांशी निगडित चार-पाच विषय ठरवा, त्याहून जास्त नकोत. पबमेडवर मोफत खाते उघडून प्रत्येक विषयाचा शोध जतन करा. शोधशब्द मथळा आणि सारांश यांपुरते मर्यादित ठेवा, मेश या विषयसूचीतला 'डायग्नोस्टिक इमेजिंग' हा उपशब्द जोडा, आणि शोधपट्टीखालच्या 'क्रिएट अलर्ट' या पर्यायातून महिन्यातून एकदा ईमेल येईल अशी सोय करा. रोजचे ईमेल लावू नका. चार दिवसांत ते न वाचता पुसायची सवय लागते. याखेरीज एक सर्वसाधारण जर्नल, एक भारतीय जर्नल आणि शिकवणाऱ्या लेखांसाठी रेडिओग्राफिक्स, एवढ्यांची अनुक्रमणिका चाळा. बायरॅड्स, लायरॅड्स, पायरॅड्स, टायरॅड्स (अनुक्रमे स्तन, यकृत, प्रोस्टेट आणि थायरॉइडच्या रिपोर्टिंगच्या प्रमाणित पद्धती) आणि फ्लाइशनर यांची आवृत्ती बदलली की ती मात्र पहिल्या आठवड्यात वाचा, कारण तिचा परिणाम दुसऱ्या दिवशीच्या रिपोर्टवर होतो. जपून ठेवायचे लेख झोटेरोसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ठेवलेत तर मागे घेतलेल्या लेखावर ते आपणहून खूण करते. हा फायदा मोठा आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे, रिपोर्टिंग करताना अडलेला प्रश्न तिथल्या तिथे वहीत लिहून ठेवा. 'यकृतात सापडलेल्या या गाठीला फॉलो-अप किती महिन्यांनी सांगायचा?' असा खऱ्या रुग्णावरून पडलेला प्रश्न घेऊन त्या संध्याकाळी अर्धा तास शोध घेतला तर जे वाचाल ते पक्के डोक्यात राहते. रुग्णाची ओळख न लिहिता प्रश्न, सापडलेला लेख आणि आपण ठरवलेले उत्तर अशा तीन ओळी लिहिल्या की वर्षभरात तुमच्या सेंटरपुरता एक संदर्भग्रंथच तयार होतो. माझ्या रेसिडेंटांना मी जर्नल क्लबसाठी 'या महिन्यातला चांगला लेख आणा' असे सांगत नाही. 'या महिन्यात अडलेली केस आणा आणि तिचे उत्तर देणारा लेख शोधा' असे सांगतो, आणि त्यामुळे चर्चेचा दर्जा पूर्ण बदलतो. तुम्ही एकटे असलात तरी आसपासच्या दोन-तीन तालुक्यांतले रेडिओलॉजिस्ट महिन्यातून एकदा ऑनलाइन जमू शकतात. विषय वाटून घेतलेत तर प्रत्येकाचा भार हलका होईल.

दुसरा प्रश्न एआयने काढलेल्या सारांशांचा. पन्नास सारांश विषयवार लावून घेणे, एखादी अनोळखी सांख्यिकी पद्धत समजावून घेणे, लांबलचक लेखात रेफरन्स स्टँडर्ड कुठे दिला आहे ते शोधणे, अशा कामांसाठी ही साधने जरूर वापरा. पण 'अमुक निदानाविषयी पुरावा काय आहे' असे विचारून मिळालेल्या उत्तरावर रिपोर्ट बेतू नका. ही साधने अस्तित्वात नसलेले लेख, लेखकांच्या नावांसह, अगदी खरे वाटावेत असे सांगू शकतात. म्हणून दिलेला प्रत्येक संदर्भ पबमेडवर स्वतः उघडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. शिवाय साधनाला पूर्ण लेख मिळाला नसेल तर ते मूळ सारांशाचाच सारांश काढते, आणि लेखकाने तिथे केलेली अतिशयोक्ती जशीच्या तशी तुमच्यापर्यंत येते. मुलांचे एक्स-रे वापरल्याची गोष्ट सारांशात नसते, ती पद्धतीच्या विभागात असते. रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक किंवा ओळख पटेल अशी प्रतिमा या साधनांत टाकू नये, हे वेगळे सांगायला नको.

तिसरा प्रश्न लेख मिळवण्याचा. केंद्र सरकारच्या 'एक राष्ट्र एक सदस्यत्व' योजनेला २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजुरी मिळाली; तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांच्या तरतुदीतून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नले सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना खुली करण्याची ती योजना आहे. खासगी सेंटरमधल्या डॉक्टरला तिचा थेट लाभ मिळत नाही. तेव्हा जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून वाचण्याची परवानगी मिळते का, ते ग्रंथपालांना भेटून विचारा. पबमेड सेंट्रलवर असंख्य लेख पूर्ण स्वरूपात मोफत आहेत, आणि ब्राउझरमध्ये अनपेवॉल बसवले की एखाद्या लेखाची कायदेशीर मोफत प्रत कुठे असल्यास ते दाखवते. तरीही मिळाला नाही तर लेखावर दिलेल्या ईमेलवर लेखकाला दोन ओळी लिहा. आपला लेख कुणीतरी वाचू इच्छितो याचा बहुतेक संशोधकांना आनंद होतो आणि ते प्रत पाठवतात. सोबत तुमच्या भागातल्या रुग्णांविषयीचा एखादा नेमका प्रश्नही विचारा, कारण लेखात न छापलेली उपयुक्त माहिती अशा पत्रव्यवहारातूनही मिळते.